वाचकांचे प्रश्न : आईला घेऊन वणीच्या गडावर, ट्रॉलीने

मागच्या अंकात एका उत्तरात ओघात लिहिलं होतं की सप्तशृंगी गडावर आता पायऱ्या न चढता रुळावरच्या ट्रॉलीने वर जाता येतं, आणि तेवढ्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की या वेळी बाकीचे सगळे विषय बाजूला ठेवून फक्त त्याचीच उत्तरं देते आहे.

प्रश्न : नमस्कार ताई. माझ्या आईचं वय ७३, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे, सपाटीवर चालते पण जिने नाही जमत. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर हे सगळं बाबा होते तेव्हा झालं, वणीचीच राहिली असं चार वर्षांपासून म्हणून राहिली आहे. मला सुट्टी फार तर शनिवार-रविवार. एका दिवसात होतं का हे, की उगाच तिचे हाल होतील?
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : होतं. नक्की होतं. फक्त एक दिवस म्हणजे दोन रात्री रेल्वेत आणि मधला दिवस गडावर असं धरून चला, कारण नागपूर ते नाशिक रोड साडेसहाशे किलोमीटर आहे आणि तिथून पुढे गड आणखी दोन-अडीच तास.

आधी एक सांगते, दिवस मांडताना तो उलटा मांडा. आपण काय करतो, सकाळी किती वाजता पोचू इथून सुरुवात करतो आणि मग संध्याकाळी परतीच्या गाडीसाठी म्हाताऱ्या माणसाला अक्षरशः ओढत आणतो. त्यापेक्षा परतीच्या गाडीपासून मागे मागे या. नाशिक रोडहून विदर्भ एक्सप्रेस रात्री दहाच्या सुमारास असते, म्हणजे नऊला स्टेशनवर असायला हवं, त्याआधी जेवण, त्याआधी अडीच तासांचा रस्ता, म्हणजे गड साडेपाचला सोडायचा आणि वरून ट्रॉलीने खाली यायचं ते चारच्या आसपास. घाट उजेडात उतरून होतो हा आणखी एक फायदा. जाताना मात्र विदर्भ नको, ती भल्या पहाटे नाशिक रोडला उतरवते आणि त्या अंधारात आईला घेऊन बाकावर बसून राहावं लागतं. सेवाग्राम एक्सप्रेस रात्री नागपूरहून निघते आणि सकाळी नाशिक रोडला पोचते, ती बरी. वेळापत्रक बदलत असतं तेव्हा तिकीट काढताना दोन्ही गाड्यांच्या वेळा एकदा बघून घ्याच.

तिकिटाचं एक लक्षात ठेवा, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लोअर बर्थचा जो ज्येष्ठांचा कोटा आहे तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच लागतो, आणि त्यातही पुरुष ६० च्या पुढचे, बायका ४५ च्या पुढच्या. आपण घरचे पाच जण एकाच तिकिटावर टाकतो आणि मग आईला मिळतो अप्पर. तिचं तिकीट वेगळं काढा, सोबत मावशी किंवा काकू येत असतील तर त्या दोघींचं मिळून एक. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशीच काढून टाका.

नाशिक रोडला उतरलं की तोंड धुणं, चहा, नाश्ता करून साडेआठला निघा. एसटी मिळते, पण आईसोबत असाल तर गाडीच ठरवा, दिवसभराची, आणि ड्रायव्हरला निघतानाच सांगा की साडेपाचला गड सोडायचा आहे. दिंडोरी, मग वणी, मग नांदुरी. नांदुरीपासून दहाएक किलोमीटरचा घाट लागतो आणि वळणं बऱ्यापैकी आहेत. आईला गाडी लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घाट सुरू व्हायच्या अर्धा तास आधी द्या, घाटात नको, आणि पोटात काहीतरी हलकं असू द्या. पिशवीत चार संत्री ठेवा. साल सोलताना जो वास येतो ना, त्यानेच माझ्या मावशीला बरं वाटलं होतं.

अकराच्या सुमारास गडावर पोचाल. इथे घाई करू नका. आधी ट्रस्टच्या भक्तनिवासात किंवा जवळपास कुठेही एक खोली घ्या, रात्र काढायची नसली तरी घ्या. हा खर्च वाया जाणारा नाही. रात्रभर गाडीत बसून आलेल्या माणसाला पाय लांब करायला जागा आणि स्वच्छ बाथरूम या दोन गोष्टी मिळाल्या की पुढचा अख्खा दिवस सुधारतो. मी मावशीला घेऊन गेले तेव्हा खोली नव्हती घेतली, थेट रांगेत लागलो, आणि मावशी एका शब्दाने काही बोलली नाही पण ट्रॉलीत बसल्यावर तिने चप्पल काढली तेव्हा बघितलं, पावलं अशी सुजली होती की पट्ट्याचे वळ उठले होते. ते वळ मला अजून दिसतात म्हणून सांगते.

आता ट्रॉली. २०१८ साली सुरू झाली. गडावरच्या गावातून देवळापर्यंत पायऱ्यांनी जायचं तर पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, तेच अंतर ट्रॉली तीनेक मिनिटांत नेते. डबा उतारावर बसेल असा पायरी-पायरीने बांधलेला असतो, त्यामुळे तो तिरपा चढत असला तरी आत आपण सरळच बसलेलो असतो. पोटात गोळा बिळा काही येत नाही. आईला आत शिरताना मात्र हात धरा आणि पहिल्यांदा जिथे सीट मिळेल तिथेच बसवा, वरची-खालची करत बसू नका. आणि हे नीट समजून घ्या की ट्रॉलीने पायऱ्या वाचतात, रांग वाचत नाही. ट्रॉलीची रांग वेगळी, दर्शनाची वेगळी, आणि गर्दीच्या दिवशी दोन्ही मिळून दोन-तीन तास उभं राहणं होऊ शकतं. म्हणून दिवस कुठला निवडता ते गाडीच्या तिकिटापेक्षाही महत्त्वाचं. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा हे देवीचे वार आणि तिथ्या, रविवारी सुट्टीची गर्दी. शनिवार त्यातल्या त्यात ठीक. नवरात्र आणि चैत्रातली यात्रा या दिवसांत तर खाजगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात आणि पुढे एसटीनेच जावं लागतं, म्हणजे तुमचा सगळा हिशेब तिथेच मोडला. कोजागिरीलाही कावडी घेऊन येणाऱ्यांची प्रचंड गर्दी असते. हे सोडून या.

देवीची मूर्ती कड्याच्या खडकातच आहे, अठरा हातांची, चांगली उंच. वर्षानुवर्षं शेंदराचे थरावर थर चढत गेलेले, ते २०२२ साली काढले तेव्हा आतलं मूळ रूप दिसलं. ज्यांनी जुना फोटो देवघरात लावलेला आहे त्यांना पहिल्यांदा बघताना एकदम वेगळं वाटतं, आईला आधी सांगून ठेवा. मान किंचित कललेली आहे. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशती म्हणत आणि देवी ती कान देऊन ऐकते, म्हणून मान तशी, असं तिथले लोक सांगतात. आईला तो समोरचा डोंगर दाखवायला विसरू नका.

प्रश्न : वणी म्हटल्यावर माझ्या सासऱ्यांनी थेट यवतमाळकडच्या वणीच्या एसटीची चौकशी सुरू केली! आणि एवढं लांब जाण्यापेक्षा छत्तीसगडातल्या डोंगरगडला रोपवे आहेच की, ते सकाळी जाऊन रात्री परत होतं. दोन्ही सारखंच ना?
– महाल

उत्तर : सासऱ्यांची काही चूक नाही, आपल्या नागपूरकरांसाठी वणी म्हणजे कोळशाच्या खाणींचीच वणी. देवीची वणी नाशिक जिल्ह्यातली, आणि खरं म्हणजे वणी गाव खाली दिंडोरी तालुक्यात, गड कळवण तालुक्यात. साडेतीन शक्तिपीठांतलं अर्धं पीठ ते हे.

डोंगरगड एका दिवसात होतं हे खरंच आहे, हावडा लाइनवर दोनेकशे किलोमीटर, गाड्या भरपूर, आणि बम्लेश्वरी देवीच्या हजारावर पायऱ्या रोपवेने टळतात. पण दोन्ही सारखं नाही. डोंगरगडला पाळणा तारेला लटकून हवेतून जातो, गडावरची ट्रॉली जमिनीवर रुळांवरून चढते, दोर फक्त तिला ओढतो. ज्यांना खाली मोकळी दरी बघून घेरी येते त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. माझी मावशी डोंगरगडला डोळे मिटून बसली होती आणि गडावर खिडकीला नाक लावून.

प्रश्न : समृद्धीने स्वतःची गाडी घेऊन गेलो तर? मी एकटाच ड्रायव्हिंग करणारा आहे.
– मनीषनगर

उत्तर : नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर समृद्धीवरून, त्यापुढे गड आणखी काही तास. जाऊन येऊन एका दिवसात एकट्याने चालवायचं हे मी कुणालाही सुचवणार नाही. पहिल्या दिवशी शिर्डी किंवा नाशिकला मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी सकाळी गड, तिसऱ्या दिवशी परत. निघायच्या आधी टायर बघा, हवा आणि झीज दोन्ही. सिमेंटचा सरळ रस्ता, एकसारखा वेग आणि आपल्याकडचं ऊन, यात जुना टायर टिकत नाही. आणि तो रस्ता इतका सरळ आहे की डोळा लागतो, दर दीड-दोन तासांनी थांबून गाडीबाहेर उभं राहा, चहा प्यायचा नसला तरी.

प्रश्न : आम्ही काही फार देवधर्म करणारे नाही, डोंगर बघायला जायचं आहे. तिथे बघण्यासारखं काही आहे का की नुसतं देऊळ आणि दुकानं? आणि कुठल्या महिन्यात जावं?
– धरमपेठ

उत्तर : अहो, डोंगर बघायलाच तर जावं! गडाचा डोंगर समुद्रसपाटीपासून ४,६५९ फूट उंच आहे, आपल्या चिखलदऱ्याहूनही उंच. सह्याद्रीतून पूर्वेकडे निघालेली सातमाळा नावाची जी रांग आहे त्या रांगेतला हा डोंगर, आणि ती रांग म्हणजे ओळीने किल्लेच किल्ले. पश्चिमेला अहिवंत, अचला. पूर्वेला मार्कंड्या, मग रवळ्या-जवळ्या ही जोडगोळी, त्यापुढे धोडप. धोडपच्या माथ्यावर कातळाची एक भिंत आहे आणि तिला मधेच चौकोनी खाच पडलेली आहे, दाताची फट असावी तशी. हवा स्वच्छ असेल तर त्या खाचेवरून धोडप ओळखायचा. आपण विदर्भातली माणसं सपाटीत वाढलेली, आपल्याला डोंगर म्हणजे रामटेकची टेकडी नाहीतर सातपुड्याचं जंगल. असे उघडे, काळे, कातळाच्या पायऱ्या पायऱ्या असलेले डोंगर पहिल्यांदा बघताना खूप वेळ काही बोलवत नाही, निदान माझं तसं झालं.

देवळातून बाहेर आल्यावर लगेच खालच्या ट्रॉलीसाठी पळू नका, अर्धा तास वरच थांबा. नंतर खाली गावात येऊन शीतकड्याकडे जा, तिथे दरी एकदम तुटलेली आहे. लहान मुलं असतील तर हात सोडू नका, आणि फोटोसाठी काठावर जायचं नाही म्हणजे नाही. माकडं आहेत, हातात प्रसादाची पिशवी लोंबती ठेवली की गेलीच.

महिना म्हणाल तर जुलै-ऑगस्टमध्ये धुकं इतकं असतं की समोरचा मार्कंड्याही दिसत नाही, त्या ओल्या धुक्यात चालायला मजा येते पण बघायला म्हणून जाणार असाल तर नको. नवरात्र-कोजागिरी आटोपली की पुढे फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. पावसाने हवा धुतलेली असते, गवत पिवळं पडायला लागलेलं असतं आणि उन्हाचा चटका नसतो. स्वेटर न्या, सकाळी वारा झोंबतो. जानेवारीनंतर गेलात तर दिंडोरी तालुक्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे काढणीला आलेले असतात, तिथून पेटी घेऊन या, नागपूरला पोचेपर्यंत टिकते.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याने यूट्यूबवर अशा ट्रॉलीचा व्हिडिओ बघितला आणि तेव्हापासून विचारून राहिला की दोर तुटला तर? लिस्बनच्या अपघाताची बातमी त्याने ऐकली होती. मला त्याला खोटं सांगायचं नाही पण घाबरवायचंही नाही.
– मानेवाडा रोड

उत्तर : तुमचा मुलगा बरोबर प्रश्न विचारतो आहे, त्याला खरंच सांगा. मी सांगते तसं सांगून बघा.

विहिरीवर रहाट बघितला असेल त्याने, नसेल तर दाखवा. एकाच दोराला दोन टोकांना दोन बादल्या, एक खाली जाते तेव्हा दुसरी वर येते. गडावरच्या ट्रॉलीसारख्या गाडीला फ्युनिक्युलर रेल्वे म्हणतात, आणि ती म्हणजे तेच. वरच्या टोकाला मोठं चाक, त्यावरून पोलादी दोर, दोराच्या दोन टोकांना दोन डबे. खाली उतरणारा डबा आपल्या वजनाने वर चढणाऱ्याला ओढतो, त्यामुळे मोटारीला फक्त दोघांतल्या फरकाएवढं आणि घर्षणापुरतं काम उरतं. दोन्ही डब्यांना सगळा मार्ग वेगवेगळा द्यायचा तर खर्च दुप्पट, म्हणून बऱ्याच ठिकाणी मधोमध तेवढा रूळ फाकवून दोन करतात आणि डबे तिथे एकमेकांना ओलांडतात. गंमत म्हणजे तिथे सांधे बदलणारा कुणी नसतो. एका डब्याची उजवीकडची चाकं दोन्ही बाजूंनी काठ असलेली, ती रूळ पकडून उजवीकडेच जातात, दुसऱ्याची डावीकडची तशी, तो डावीकडे. उरलेली चाकं लाटण्यासारखी सपाट. आब्ट नावाच्या स्विस इंजिनियरने ही युक्ती काढली आणि १८८६ साली स्वित्झर्लंडमध्ये लुगानोला ती पहिल्यांदा वापरली, अजूनही जगभर तीच चालते. मुलाला दोन काड्यापेट्या आणि एक सुतळी देऊन खुर्चीच्या पाठीवर करून दाखवा, पाच मिनिटांत कळेल त्याला.

आता लिस्बन. ग्लोरिया नावाची तिथली फ्युनिक्युलर १८८५ सालची, ३ सप्टेंबर २०२५ ला दोर डब्याला जिथे जोडलेला होता तिथे निसटला, डबा घसरत खाली आला आणि १६ माणसं गेली. ब्रेक लावले होते पण दोराचा आधार गेल्यावर एकटे ब्रेक डब्याला थांबवू शकले नाहीत. यातून मुलाला सांगायचं ते हे, की दोर हा एकच आधार असता कामा नये, दोर गेला तरी डबा जागच्या जागी पकडून ठेवतील असे ब्रेक स्वतंत्रपणे असायला हवेत, आणि दोराचे न दिसणारे सांधे उघडून तपासायला हवेत. गडावर गेलात की तिथल्या कर्मचाऱ्याला त्यालाच विचारू द्या, काका, ब्रेक कुठे असतात, दोर कधी तपासता. मुलं विचारतात तेव्हा माणसं आनंदाने सांगतात. देखभालीसाठी ट्रॉली बंद आहे असा बोर्ड कधी दिसला तर चिडू नका. तो बोर्ड लागणं ही चांगली गोष्ट आहे, असंही त्याला सांगा.

प्रश्न : ऑफिसच्या कामाने हाँगकाँगला जातो आहे, तिथल्या पीक ट्रामसाठी अर्धा दिवस काढू का?
– हिंगणा रोड

उत्तर : काढा. तीही फ्युनिक्युलरच, १८८८ पासून चालू आहे, २०२२ मध्ये नवे डबे आले. वर जाताना उजवीकडे बसा, शहर त्या बाजूला दिसतं. संध्याकाळ पडायच्या तासभर आधी वर पोचा म्हणजे उजेडातलं आणि दिव्यांतलं दोन्ही शहर बघून होईल. परत येताना ट्रामची रांग मोठी असली तर १५ नंबरची बस धरा.

प्रश्न : माझं वय ६८. पत्नी असताना दोघं पायऱ्यांनी गड चढलो होतो, साल १९९१. आता मुलगा म्हणतो बाबा ट्रॉलीनेच जायचं. मला पायऱ्यांनी जायचं आहे. तब्येत ठीक आहे, रोज अंबाझरीला पाच किलोमीटर चालतो, पण गुडघे कुरकुरतात. तुम्ही काय म्हणता?
– सक्करदरा

उत्तर : काका, चढा पायऱ्यांनी. निघायच्या आधी एकदा डॉक्टरांकडून बीपी आणि छाती तपासून घ्या, ते हो म्हणाले की मुलाला माझं हे उत्तर दाखवा. चढताना दम लागतो, पण गुडघ्यांची खरी वाट लागते ती उतरताना, कारण प्रत्येक पायरीला अख्खं वजन एका गुडघ्यावर आदळतं. म्हणून वर पायी, खाली ट्रॉलीने. ऊन चढायच्या आत सुरू करा, दर चाळीस-पन्नास पायऱ्यांना बसा, मुलाला सोबत घ्या पण त्याला पुढे चालू द्या म्हणजे तो तुमचा वेग ठरवणार नाही. आणि मधे जिथे तुम्ही दोघं तेव्हा टेकला होतात ती जागा आठवत असेल तर तिथे जरा जास्त वेळ बसा.